टॉवरवरचा रेडिओ एकाचा, खालची पेटी दुसऱ्याची

मागील एका अंकात मोबाईलच्या टॉवरविषयी लिहिताना ‘ओपन रॅन’ या शब्दाचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून, पत्रलेखकांची नावे न देता, त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : आमच्या पाड्यावर रेंज मिळवण्यासाठी समोरच्या टेकडीवर चढावे लागते. शाळेची ऑनलाइन माहिती भरायची असेल तर मी आठवड्यातून एकदा शहाद्याला जातो. ओपन रॅनमुळे टॉवरची उपकरणे स्वस्त होतील आणि आमच्यासारख्या भागातही टॉवर उभे राहतील, असे वाचनात आले. हे खरे आहे काय? आणि यात ‘ओपन’ म्हणजे नेमके काय खुले असते?
— प्राथमिक शिक्षक, धडगाव तालुका

उत्तर : गुरुजी, आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो समजल्याशिवाय पहिल्याचे उत्तर देता येणार नाही.

मोबाईलच्या जाळ्याचे ढोबळमानाने दोन भाग असतात. ग्राहकाची ओळख पटवणे, हिशेब ठेवणे, कॉल कोणत्या दिशेला पाठवायचा हे ठरवणे ही कामे ‘कोअर’ म्हणजे गाभ्यात होतात आणि तो मोठ्या शहरात असतो. दुसरा भाग आपल्या डोळ्यांना दिसतो : टॉवरवरचे अँटेना, त्यांना जोडलेले रेडिओ आणि त्या रेडिओंना चालवणारी, टॉवरच्या पायथ्याशी असलेली संगणकाची पेटी. या दुसऱ्या भागाला रॅन म्हणतात. टॉवर हजारोंच्या संख्येने लागतात, त्यामुळे कंपनीचा उपकरणांवरचा खर्च मुख्यतः याच भागात होतो.

मोबाईल आणि टॉवर यांच्यात हवेतून चालणारी भाषा पूर्वीपासूनच सर्वांसाठी एक आहे. १९९८ साली स्थापन झालेली ‘थ्री-जीपीपी’ ही आंतरराष्ट्रीय मंडळी ती भाषा ठरवते आणि म्हणूनच कोणत्याही कंपनीचा हँडसेट कोणत्याही कंपनीच्या टॉवरवर चालतो. बंद राहिली ती टॉवरवरचा रेडिओ आणि खालची पेटी यांच्यातील भाषा. तिच्यासाठी ‘सीपीआरआय’ नावाचा एक करार उपकरण-उत्पादकांनी केला होता, परंतु त्यातील अनेक जागा प्रत्येक उत्पादकाने आपापल्या पद्धतीने भरल्या. परिणाम असा झाला, की ज्याचा रेडिओ घेतला त्याचीच पेटी, त्याचेच सॉफ्टवेअर आणि पुढील दहा वर्षे त्याचीच दुरुस्ती घ्यावी लागे. आज जगातील रॅन उपकरणांची बहुतांश बाजारपेठ हुआवे, एरिक्सन, नोकिया, झेडटीई आणि सॅमसंग या पाच कंपन्यांकडे आहे, याचे हे एक मोठे कारण आहे.

खान्देशात ही गोष्ट ठिबक सिंचनावरून लगेच कळेल. १६ मिलिमीटरची लॅटरल एका कंपनीची, ड्रीपर दुसऱ्याचे आणि फिल्टर तिसऱ्याचा असा संच आपल्याकडील शेतकरी जुळवतो, कारण नळीचे माप ठरलेले आहे. ते माप प्रत्येक कंपनीने गुप्त ठेवले असते, तर एक जॉइनर तुटल्यावरही त्याच कंपनीच्या दारात उभे राहावे लागले असते. रेडिओ आणि पेटी यांच्यातील माप जाहीर करणे, त्याची भाषा सर्वांना वाचता येईल अशी लिहून ठेवणे, हाच ओपन रॅनमधील खुलेपणा आहे. सॉफ्टवेअर फुकट मिळेल किंवा कोणीही टॉवरमध्ये हात घालू शकेल, असा त्याचा अर्थ नाही.

हे माप लिहिण्याचे काम ‘ओ-रॅन अलायन्स’ ही संघटना करते. एटी अँड टी, चायना मोबाईल, डॉइच टेलिकॉम, एनटीटी डोकोमो आणि ऑरेंज या पाच मोबाईल सेवा कंपन्यांनी ती २०१८ साली स्थापन केली. उपकरणे विकणाऱ्यांनी नव्हे, तर विकत घेणाऱ्यांनी हा पुढाकार घेतला, ही बाब मला महत्त्वाची वाटते. या रचनेत रॅनचे तीन भाग होतात : टॉवरवरचा रेडिओ म्हणजे आरयू, त्याला क्षणोक्षणी सूचना देणारा जवळचा संगणक म्हणजे डीयू, आणि अनेक डीयूंवर देखरेख करणारा दूरचा संगणक म्हणजे सीयू. डीयू आणि सीयू यांच्यातील जोडणी थ्री-जीपीपीने ठरवून दिली आहे; रेडिओ आणि डीयू यांच्यातील जोडणी ओ-रॅन अलायन्सने ठरवली आहे.

आता काम नेमके कोठे तोडायचे, हा या सगळ्यातील सर्वांत कठीण प्रश्न होता. जुन्या पद्धतीत रेडिओ जवळजवळ बिनडोक असे आणि तो अँटेनावर आलेली लहर मोजून तिचे सगळे आकडे खाली पाठवत असे. मध्यरात्री एकही माणूस फोनवर नसला, तरी ४जीच्या २० मेगाहर्ट्झच्या एका अँटेनासाठी सेकंदाला सुमारे १.२३ गिगाबिट माहिती त्या तारेतून वाहतच राही. ५जीच्या ६४ अँटेना आणि १०० मेगाहर्ट्झ असलेल्या रेडिओला हाच हिशेब लावला, तर आकडा ३०० गिगाबिटांच्या वर जातो आणि तेवढी तार टॉवरवर नेणे व्यवहार्य नाही. म्हणून ओ-रॅनने लहरींचे प्राथमिक गणित रेडिओतच करायचे ठरवले आणि उरलेले डीयूकडे ठेवले. या विभागणीला ‘७.२-एक्स’ म्हणतात. त्यामुळे तारेवरचा भार कितीतरी पटींनी घटतो आणि रेडिओही फार महाग होत नाही.

परंतु या विभागणीबरोबर अंतराची एक मर्यादा येते आणि ती धडगावला थेट लागू पडते. प्रकाशाला फायबरमधून १ किलोमीटर जायला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. मोबाईलकडून आलेल्या तुकड्याला ठरावीक वेळेत पोच द्यावी लागत असल्यामुळे रेडिओ आणि डीयू यांच्यातील वाटेला एका दिशेने साधारण १०० मायक्रोसेकंद एवढीच मुभा धरली जाते, म्हणजे सुमारे २० किलोमीटर. शहादा येथे डीयू ठेवून धडगावच्या डोंगरातील रेडिओ चालवता येणार नाहीत. डीयू सातपुड्यातच, टॉवरजवळ, ठेवावा लागेल. सीयू मात्र नंदुरबारला किंवा त्याहूनही दूर ठेवता येतो, कारण डीयू आणि सीयू यांच्या संवादाला काही मिलिसेकंदांचा उशीर चालतो. जेथे फायबर पोहोचलेलेच नाही आणि टॉवरला मायक्रोवेव्हच्या तबकडीने जोडले आहे, तेथे रेडिओ आणि डीयू यांचे दूरवर विभाजन करण्याचा विचारही करू नये.

यावरून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. डोंगरातील टॉवरच्या खर्चात लोखंडी मनोरा, तेथवर जाणारा रस्ता, वीज, बॅटऱ्या, डिझेल आणि शहराशी जोडणारा दुवा यांचा वाटा मोठा असतो. रेडिओ स्वस्त झाल्याने यांतील काहीच स्वस्त होत नाही. आपल्या पाड्यासाठी अधिक उपयोगाची बाब अशी आहे, की केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२२ मध्ये देशातील जोडणी नसलेल्या २४,६८० गावांना ४जी पोहोचवण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि ते काम बीएसएनएलकडे दिले. आपले गाव त्या यादीत आहे का, नसल्यास त्याचे कारण काय, हे ग्रामसभेच्या ठरावासह जिल्हाधिकारी कार्यालयाकडे लेखी विचारावे. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिला गेला. ज्या जिल्ह्यातून रेशन आणि पेन्शन अंगठ्याच्या ठशावर देण्याची वाट सुरू झाली, त्या जिल्ह्यातील शिक्षकाला माहिती भरण्यासाठी तालुका ओलांडून जावे लागावे, हे मला मनापासून खटकते.

प्रश्न : ओपन रॅनचा टॉवर लागला तर नवा हँडसेट किंवा नवे सिम घ्यावे लागेल का? किरणोत्सर्ग वाढतो का?
— गृहिणी, चोपडा

उत्तर : दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असे आहे. हवेतील भाषा तीच राहते, त्यामुळे आपल्या हँडसेटला फरक कळतही नाही. प्रक्षेपणाच्या शक्तीवरील सरकारी मर्यादा रेडिओ कोणाचा आहे हे न पाहता सर्व टॉवरना सारखीच लागू होते.

प्रश्न : माझ्या केळीच्या मळ्यालगत एक टॉवर आहे. गेल्या उन्हाळ्यात तो सहा दिवस बंद होता. एक पथक आले आणि बिघाड फायबरचा आहे असे म्हणाले. फायबरचे लोक आले आणि बिघाड पेटीचा आहे असे म्हणाले. केळीचे भाव मी फोनवरूनच घेतो, त्यामुळे त्या सहा दिवसांत माझे नुकसान झाले. एका टॉवरमध्ये तीन-चार कंपन्यांच्या वस्तू आल्या तर ही टोलवाटोलवी वाढणार नाही काय?
— केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : दादा, आपला प्रश्न हा या संपूर्ण तंत्रज्ञानाला विचारण्याचा खरा प्रश्न आहे, आणि तो भल्याभल्या कंपन्यांनाही अजून पूर्णपणे सुटलेला नाही.

पुन्हा ठिबककडेच जाऊ. नळीवर १६ मिलिमीटर छापलेले असले, तरी एका कंपनीच्या नळीची जाडी किंचित कमी निघाली की दुसऱ्या कंपनीचा जॉइनर तिच्यात ढिला बसतो आणि पाणी झिरपते. दोन्ही दुकानदार आपापला माल बरोबर असल्याचे सांगतात आणि काही अंशी दोघेही खरे असतात. ओपन रॅनमध्ये नेमके असेच होते. ओ-रॅनच्या दस्तऐवजात अनेक बाबी ऐच्छिक ठेवलेल्या आहेत. माहिती आवळून पाठवण्याच्या पद्धती एकाहून अधिक आहेत आणि अँटेनांचे झोत वळवण्याच्या सूचनाही वेगवेगळ्या प्रकारे देता येतात. एका कंपनीचा रेडिओ यांतील एक पर्याय जाणतो आणि दुसरीचा डीयू दुसराच वापरतो, तेव्हा कागदावर दोघेही नियमात बसतात, पण टॉवर मात्र चालत नाही. यासाठी जोड्या आधी प्रयोगशाळेत जुळवून तपासाव्या लागतात आणि एका बाजूचे सॉफ्टवेअर बदलले की ती तपासणी पुन्हा करावी लागते.

वेळेचा मेळ हा आणखी एक नाजूक भाग आहे. आपल्याकडील ५जी मुख्यतः ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते आणि तेथे एकाच लहरीवर टॉवर काही क्षण बोलतो व काही क्षण ऐकतो. शेजारचे सर्व टॉवर एकाच वेळी बोलले आणि एकाच वेळी ऐकले, तरच हे जमते. त्यांच्या घड्याळांतील तफावत ३ मायक्रोसेकंदांच्या आत राखावी लागते. ही वेळ जीपीएसच्या छोट्या अँटेनातून किंवा फायबरवरून येते, मग डीयूकडून रेडिओला मिळते. यांपैकी एक दुवा सैल झाला, तर तक्रार बिघडलेल्या टॉवरवरून न येता शेजारच्या गावातून येते. एकाच उत्पादकाची उपकरणे असताना हा दोष शोधणे त्याच्या एका अभियंत्याचे काम होते. आता दोष वेळ देणाऱ्या स्विचमध्ये आहे, डीयूमध्ये आहे की रेडिओमध्ये, हे आधी ठरवावे लागते.

जपानमधील राकुतेन मोबाईलने एप्रिल २०२० मध्ये अशा प्रकारचे पूर्ण जाळे सुरू केले, तेव्हा जुळवणीची ही जबाबदारी तिने स्वतःच्या अंगावर घेतली; त्या जाळ्यात ४जीचे नोकियाचे रेडिओ अल्टिओस्टार या दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालत होते. ब्रिटनमध्ये व्होडाफोनने जानेवारी २०२२ मध्ये बाथ येथे आपला असा पहिला ५जी टॉवर सुरू केला. अमेरिकेच्या एटी अँड टीने मात्र २०२३ च्या डिसेंबरमध्ये पाच वर्षांसाठी सुमारे १४ अब्ज डॉलरचा करार प्रामुख्याने एकट्या एरिक्सनशी केला. उपकरणे खुल्या मापाची घ्यायची, पण जाब विचारायला दार एकच ठेवायचे, असा तो निर्णय होता. त्यावर टीका झाली आणि ती टीका मला बऱ्याच अंशी रास्त वाटते, कारण पर्याय प्रत्यक्षात वापरलाच नाही तर खुल्या मापाचा लहान उत्पादकांना काहीच लाभ होत नाही. तरीही त्या निर्णयामागील भीती आपल्या पत्रातील भीतीच आहे, हे नाकारता येत नाही.

माझे मत असे आहे, की खुली जोडणी हवीच, परंतु दोन्ही बाजूंच्या सांध्याचे उत्तरदायित्व एका नावावर लिहिलेले असल्याशिवाय ती खेड्यातील टॉवरवर लावू नये. शहरात एक टॉवर बंद पडला तर शेजारचा भार उचलतो. रावेर-यावलच्या शिवारात किंवा पालच्या जंगलात अनेकदा शेजारचा टॉवरच नसतो. आपली तक्रार आपण सेवा कंपनीकडेच नोंदवावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. आत किती उत्पादक आहेत, हा त्या कंपनीचा प्रश्न आहे. ग्राहकाचा व्यवहार तिच्याशी आहे. तिच्याकडून निवारण झाले नाही, तर तिच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाण्याची सोय आहे.

प्रश्न : भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. साधे संगणक वापरून टॉवर चालवणार म्हणतात. ते येथे टिकतील काय?
— रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : रेडिओ उघड्यावरच बसवलेला असतो आणि पंख्याशिवाय, धातूच्या पात्यांवाटे उष्णता बाहेर टाकण्यासाठी घडवलेला असतो, त्याची चिंता तुलनेने कमी आहे. चिंता डीयूची आहे. ओपन रॅनमध्ये डीयू हे बहुधा बाजारात मिळणाऱ्या सर्व्हरवर चालणारे सॉफ्टवेअर असते आणि नेहमीचा सर्व्हर थंड खोलीसाठी बनवलेला असतो. पत्र्याच्या खोलीत, वीज गेल्यावर वातानुकूलन यंत्र बंद पडले, की आतील तापमान बाहेरच्यापेक्षाही चढते. यासाठी उष्णता सोसणारे, टॉवरजवळ ठेवण्याजोगे वेगळे सर्व्हर मिळतात, पण त्यांची किंमत जास्त असते. ‘साधा संगणक म्हणून स्वस्त’ हा हिशेब मांडताना हा फरक आणि थंडाव्याची वीज धरली आहे का, हे तपासावे लागते. टॉवरवरील सर्वाधिक वीज रेडिओच खातो, हेही लक्षात घ्यावे. रात्री वापर घटल्यावर काही लहरी आपोआप झोपवणारे सॉफ्टवेअर या रचनेत तिसऱ्याच कंपनीकडून घेता येते आणि डिझेलवर चालणाऱ्या टॉवरसाठी तो फायदा खरा आहे.

प्रश्न : मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो. बीएसएनएलचे स्वदेशी ४जी आणि ओपन रॅन ही एकच गोष्ट आहे का? वर्तमानपत्रांत दोन्ही शब्द शेजारी-शेजारी येतात.
— निवृत्त दूरसंचार कर्मचारी, धुळे

उत्तर : एक नव्हे, आणि हा गोंधळ दूर व्हायला हवा. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथून बीएसएनएलच्या स्वदेशी ४जी जाळ्याचे उद्घाटन झाले. सुमारे ९७,५०० टॉवरच्या त्या कामात गाभा सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेचा, रेडिओ तेजस नेटवर्क्सचे आणि जुळवणी टीसीएसची आहे. माल कोठे घडला याचे उत्तर ‘स्वदेशी’ हा शब्द देतो. एकाचा माल दुसऱ्याच्या मालाशी जुळतो का याचे उत्तर ‘ओपन’ देतो. वस्तू स्वदेशी असून बंद असू शकते आणि परदेशी असून खुली असू शकते.

आपण खात्यात होतात, म्हणून आपल्याला ‘रॅक्स’ आठवत असेल. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉटने १२८ लाइनींचे ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज, म्हणजेच रॅक्स, बनवले. ते वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हात चालेल असेच घडवले होते आणि त्याचा आराखडा एकाच कारखान्याकडे न ठेवता अनेक उत्पादकांना परवान्याने दिला होता. खुल्या जोडणीपेक्षा ती वाट निराळी होती, कारण तेथे आराखडा एक आणि बनवणारे अनेक होते. येथे मधले माप एक आणि आराखडे अनेक आहेत. तथापि, गावाच्या हवामानापासून विचार सुरू करण्याची जी सवय रॅक्सच्या अभियंत्यांना होती, ती आज रेडिओ बनवणाऱ्या भारतीय कंपन्यांनी उचलावी, असे मला फार वाटते.

प्रश्न : खुले म्हणजे असुरक्षित नव्हे काय? आमच्या पतसंस्थेचे व्यवहार मोबाईलवरच चालतात.
— व्यवस्थापक, अमळनेर

उत्तर : माप जाहीर असल्याने कुलूप कमजोर होत नाही, अनेकांनी तपासल्याने दोष लवकर सापडतात. परंतु सांधे वाढले की राखण्याच्या जागाही वाढतात. जर्मनीच्या बीएसआय या शासकीय माहिती-सुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओ-रॅनच्या अनेक जोडण्यांत मध्यम ते उच्च धोके दाखवले होते आणि त्याचे मुख्य कारण सुरक्षेच्या तरतुदी ऐच्छिक ठेवणे हे होते. आपल्याकडे १५ जून २०२१ पासून सेवा कंपन्यांना विश्वसनीय ठरवलेल्या स्रोतांकडूनच नवी उपकरणे घ्यावी लागतात आणि तो नियम खुल्या उपकरणांनाही लागू आहे. पतसंस्थेपुरते सांगायचे, तर आपल्या ॲपमधील व्यवहार मोबाईलपासून सर्व्हरपर्यंत स्वतंत्रपणे कूटबद्ध असतात. व्यवहाराची सुरक्षितता केवळ टॉवरवर अवलंबून नसते आणि नसावीही.

प्रश्न : मी जळगावला इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. महाविद्यालयात ५जीची उपकरणे नाहीत. पुण्या-मुंबईला न जाता हे शिकता येईल का?
— विद्यार्थी, जळगाव

उत्तर : येईल, आणि खुलेपणाचा सर्वांत निखळ लाभ मला येथेच दिसतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वी बेस स्टेशनचे, म्हणजे टॉवरवरचा रेडिओ आणि खालची पेटी यांचे, सॉफ्टवेअर पाहायला मिळणेही उत्पादक कंपनीतील नोकरीशिवाय अशक्यप्राय होते. आज फ्रान्समधील युरेकॉम या संस्थेतून सुरू झालेले ‘ओपन एअर इंटरफेस’ आणि आयर्लंडमधील ‘एसआरएस-रॅन’ हे दोन्ही प्रकल्प आपला संपूर्ण कोड जाहीर करतात. ओपन एअर इंटरफेसमध्ये रेडिओचे अनुकरण करणारा भाग आहे, त्यामुळे प्रत्यक्ष रेडिओ नसतानाही बेस स्टेशन आणि मोबाईल ही दोन्ही एकाच लिनक्स संगणकावर चालवून पाहता येतात. बऱ्या प्रोसेसरचा आणि १६ जीबी मेमरीचा संगणक सुरुवातीला पुरेल.

आधी लिनक्स आणि सी भाषा पक्की करावी. नंतर डीयू आणि सीयू वेगवेगळे चालवून त्यांच्यातील संदेश वायरशार्क या जाळ्यावरील संदेश टिपणाऱ्या सॉफ्टवेअरने पकडावेत आणि थ्री-जीपीपीच्या दस्तऐवजाशी ओळीने पडताळावेत; ते दस्तऐवज विनामूल्य उतरवता येतात. हे काम कंटाळवाणे आहे, पण जुळवणीचे जे कौशल्य रावेरच्या पत्राच्या उत्तरात आले, ते याच सरावातून येते. चार मित्रांनी मिळून एखादे सॉफ्टवेअर-रेडिओ उपकरण घेतले, तर ते अँटेना लावून कदापि सुरू करू नये. त्या लहरी परवान्याच्या आहेत आणि विनापरवाना प्रक्षेपण हा गुन्हा आहे. दोन उपकरणे केबलने जोडून, मध्ये सिग्नल क्षीण करणारा अटेन्युएटर घालूनच प्रयोग करावेत. सीयू आणि डीयूची पहिली ओळख यशस्वी झाली, की पकडलेल्या संदेशांची प्रत आमच्याकडे पाठवावी. नाही झाली तर कोणत्या संदेशावर अडली तेवढे लिहावे, आपण पुढच्या अंकात मिळून पाहू.